चार लाखांचा सांगाडा

मंडळी, सायकल म्हणजे काय ते तुम्हांला सांगायला नको. जिच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून आपण डेअरी गाठली, जिच्या पुढच्या नळीवर पोराला बसवून शाळेत सोडले, जिच्या कॅरियरवर खताचे पोते बांधून चढाला उतरून ढकलत आणले, ती सायकल. माझ्या लग्नात, १९७९ साली, सासऱ्यांनी दिलेली काळी ॲटलास अजून आमच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी आहे. त्या कंपनीचा शेवटचा चालू कारखाना २०२० साली बंद पडला. सायकल मात्र हवा भरली की आजही चालते.

आता जी किंमत सांगणार आहे ती सायकलीची नव्हे, सायकलीच्या नुसत्या सांगाड्याची. त्याला चाके नाहीत, पायंडल नाही, सीट नाही, साखळी नाही. आठ-दहा नळ्या एकमेकींना जोडलेल्या, बस्स. उचलला तर दीड किलोच्या आसपास भरेल. त्याची किंमत ४८०० डॉलर. २०२४ च्या जून महिन्यात डॉलर साडेत्र्याऐंशी रुपयांना होता. करा गुणाकार. चार लाख रुपये होतात.

हा गुणाकार मी माझ्या मुलाच्या घरी, जेवणाच्या ताटावर केला आणि घास हातातच राहिला.

आमचा थोरला अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराजवळ राहतो. संगणकाच्या नोकरीत आहे. दिवसभर खुर्चीत बसून वजन वाढले, साखर वाढली, म्हणून डॉक्टरांनी सायकल सांगितली. शिवाय त्याच्या डोक्यात आपल्या नाशिकची हवा होतीच. २०१५ साली नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. तेव्हा याने रात्री दोन वाजता फोन करून मला उठवले होते. तर तो सायकल चालवू लागला. मला आनंदच होता. पण त्या रात्री सूनबाईच्या तोंडून निघाले, "आबा, शनिवारी यांच्या सायकलीची मापं द्यायला जायचंय." मी विचारले, मापे कसली, सायकल काय शर्ट आहे? आणि मग हळूहळू किंमत बाहेर आली.

तुम्ही माझ्या जागी स्वतःला ठेवून बघा. ८ डिसेंबर २०२३ ला सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे महिन्यापर्यंत उघडली नाही. मी त्या जानेवारीत लाल कांदा तेराशे रुपये क्विंटलने देऊन आलो होतो. चार लाख म्हणजे तीनशे क्विंटलच्या वर कांदा. आमच्याकडे तीन-साडेतीन एकरांचे पीक. नांगरटीपासून काढणीपर्यंत वीस-पंचवीस बायामाणसांचे राबणे, आणि ते सगळे एका दीड किलोच्या सांगाड्यात!

मी बोलू नये ते बोललो. "तुझ्या आईनं वाकून वाकून कांदा लावला, तिच्या कमरेचा मणका गेला, आणि तू नळ्यांना चार लाख देतोस?" असे काहीसे. आमच्या सौ. माझ्याकडे बघतच राहिल्या. मुलगा काही बोलला नाही. ताट घेऊन उठला. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही. परक्या देशात बापलेक भांडले की जायला बांधसुद्धा नसतो. इथे निदान मळ्यात तरी जाऊन बसता येते.

शनिवारी सकाळी तो म्हणाला, "आबा, चला माझ्याबरोबर. बघा तरी. मग वाटलं तर ऑर्डर रद्द करू."

डेन्व्हरच्या उत्तरेला गाडी निघाली तसा मुलूख ओळखीचा वाटू लागला. सपाट शेते, पाटाचे पाणी, मक्याचे हिरवे तुकडे. तिकडे बीटापासून साखर करण्याचा जुना धंदा आहे. ऊस नाही, बीट. पण उत्पादकाची रड तीच असणार असे मी मनात म्हटले. अशा एका शेताच्या कडेला पत्र्याची लांबट शेड होती. मला वाटले गोठा आहे. आत गेलो तर कारखाना. माणसे दोन, एक साठीचा कारागीर आणि एक त्याच्या हाताखालचा तरुण. एवढाच पसारा.

पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती स्वच्छता. वेल्डिंगचे दुकान म्हटले की आपल्याला काळी जमीन, गंजके तुकडे आणि धूर आठवतो. इथे धारेच्या भांड्यासारखे सगळे लखलखीत. नळीला उघड्या हाताने शिवायचे नाही, हातमोजे घालूनच धरायची. बोटाचे तेल लागले तरी जोड बिघडतो म्हणे.

मुलगा मधे दुभाष्या झाला आणि मी आपला गावठी प्रश्न टाकला, "ही धातू एवढी महाग का? सोन्यासारखी दुर्मिळ आहे का?"

तो हसला. टायटॅनियम दुर्मिळ मुळीच नाही. जमिनीच्या कवचात जी मूलद्रव्ये आहेत त्यांत विपुलतेने त्याचा नववा नंबर लागतो. हे ऐकून मी चक्रावलो. परत आल्यावर आमच्या जवळच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या सरांना विचारले, तर ते म्हणाले, "दादा, तुमच्या पायाखाली आहे." आपला सह्याद्रीचा काळा पाषाण, त्याच्यापासून झालेली आपली काळी जमीन, हिच्यात टायटॅनियम असतेच. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गेला असाल तर काही ठिकाणी काळी जड वाळू पाहिली असेल. तिच्यात इल्मेनाइट नावाचे खनिज आहे, लोखंड आणि टायटॅनियम यांचे. जगात निघणाऱ्या अशा खनिजाचा फार मोठा भाग धातूसाठी वापरलाच जात नाही, त्याचा पांढरा रंग होतो. आपल्या भिंतीला जो पांढरा ऑइलपेंट लावतो त्याच्यातला पांढरेपणा बहुधा त्याचाच.

म्हणजे माल घरोघरी पडलेला आहे. महाग आहे ते त्याला मातीतून सोडवणे. लोखंडाचे खनिज कोळशाबरोबर भट्टीत घातले की लोखंड सुटून येते, माणूस हे हजारो वर्षे करत आला. टायटॅनियमचे तसे नाही. त्याची प्राणवायूशी अशी काही मिठी असते की कोळसा घातला तर धातू सुटण्याऐवजी कोळशालाच चिकटते आणि निराळाच कडक पदार्थ होतो. म्हणून क्रोल नावाच्या लक्झेंबर्गच्या शास्त्रज्ञाने १९४० च्या सुमारास बसवलेली आडवळणाची रीत आजही वापरतात. आधी खनिजावर क्लोरीन सोडून त्याचा द्रव करायचा, तो द्रव गाळून शुद्ध करायचा, मग बंद भांड्यात हवा काढून, आर्गन वायू भरून, तापलेल्या मॅग्नेशियमशी त्याची गाठ घालायची. हे दिवसचे दिवस चालते आणि शेवटी हाती येतो तो स्पंजासारखा भोकाभोकांचा गोळा. तो फोडायचा, दाबायचा, हवा नसलेल्या भट्टीत पुन्हा पुन्हा वितळवायचा. एका वेळी एक घाण. आपल्याकडे केरळात चवरा येथे २०११ साली असा स्पंज करणारा कारखाना निघाला, तो अवकाशयानांच्या गरजेसाठी. सायकलीसाठी कोण काढतो!

सायकलवाले खरे तर विमानाच्या ताटातले उष्टे खातात. ज्या मिश्रधातूच्या नळ्या ते वापरतात, टायटॅनियममध्ये तीन टक्के ॲल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम, ती मुळात विमानातले दाबाचे तेल वाहणाऱ्या नळ्यांसाठी बनली. १९८६ च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि टेनेसी राज्यांत लहान लहान वर्कशॉपांनी तिचे सांगाडे करायला सुरुवात केली. पोलादाच्या मानाने वजन निम्म्याहून थोडे जास्त, ताकद भरपूर, आणि गंज म्हणून नाही. पावसात वीस वर्षे ठेवा. पण विमानवाल्यांची मागणी वाढली की नळ्यांचा भाव चढतो आणि सायकलवाल्याने रांगेत उभे राहायचे.

इथवर मला पटत होते, पण पुरते नव्हते. धातू महाग, कबूल. पण दीड किलो धातूचे चार लाख कसे होतील? मी तसे विचारलेही. म्हातारा म्हणाला, नळ्यांचा वाटा त्यात लहान आहे, आता बघा.

त्याने माझ्या मुलाला भिंतीशी उभे केले. पायाची लांबी, मांडीची, हाताची, खांद्याची रुंदी, वाकल्यावर कंबर कुठवर वाकते, सगळे मापले. आमच्या थोरल्याचे पाय लांब आणि धड आखूड, त्यामुळे दुकानातल्या तयार सायकलीवर त्याची पाठ धरते. मापांवरून चित्र. चित्रावरून प्रत्येक नळी किती जाड, किती लांब हे ठरते. शंभर किलोच्या माणसाला आणि पंचावन्न किलोच्या बाईला एकच नळी चालत नाही. मग कापणे. ही धातू कापताना उष्णता आत जिरत नाही, हत्याराच्या धारेवरच साचते आणि धार खाऊन टाकते. घाई केली की पाते गेले. म्हणून संथपणे, वर पाणी सोडत.

नंतर त्याने एक नळी माझ्या हाती दिली. तिचे टोक खोगिरासारखे खोलगट कापलेले होते, म्हणजे ते दुसऱ्या गोल नळीवर चपखल बसावे. त्याने दोन्ही नळ्या जोडून खिडकीकडे धरल्या. उजेडाची एक रेघसुद्धा पलीकडून आली नाही. नळीची जाडी मिलिमीटरच्या आतबाहेर. एवढ्या पातळ कडेला फट राहिली तर वेल्डिंग ती झाकते, पण जोड दुबळा होतो. म्हणून फट ठेवायचीच नाही. कानशीने घासायचे, लावून बघायचे, पुन्हा घासायचे.

मंडळी, तिथे मला काहीतरी आठवू लागले होते. पण त्याचे नाव सापडत नव्हते.

मग वेल्डिंग. तापलेले टायटॅनियम हवा पिते. प्राणवायू आणि नत्र आत शिरले की धातू काचेसारखी ठिसूळ होते, आज नाही तर दोन वर्षांनी रस्त्यात तडकते. म्हणून जोडावर बाहेरून आर्गन वायूचा पडदा आणि नळ्यांच्या पोटातही आर्गन भरलेला. एकदा धातू आपली आपल्यात वितळवून, मग वर त्याच जातीची तार घालून दुसऱ्यांदा. त्याचे टाके पाहिले मी, चवलीची नाणी एकावर एक कलती रचावीत तसे, एकसारखे. आणि रंग चांदीचा. जोडावर निळा रंग आला की हवा शिरली असे समजायचे.

भिंतीवर एक पुरा सांगाडा टांगलेला होता. मी विचारले, हा विकायचा का? तो म्हणाला, नाही. खालच्या एका जोडावर बोटभर निळसर झाक होती. मी जवळ गेल्याशिवाय मला दिसली नाही. आर्गनची नळी मधेच निसटली होती. ती झाक घासली असती तर गेली असती आणि घेणाऱ्याला कधी कळलेही नसते. "पण मला माहीत आहे ना," एवढेच तो म्हणाला. यांच्या सांगाड्यांना बहुतेकदा रंग देत नाहीत, धातूच घासून तशीच ठेवतात. लपवायला जागाच नाही.

मी शेतकऱ्याचा प्रश्न विचारला, "खर्च वजा जाता राहतं काय?" मुलगा भाषांतर करायला लाजला. मी म्हटले, विचार. त्या माणसाला राग आला नाही. त्याने बोटे मोडून सांगितले. नळ्या, वायू, हत्यारे, शेडचे भाडे, मदतनिसाचा पगार, आणि सांगाडा मोडून कुणी पडला तर दावा होईल म्हणून भारी विमा. दोघे मिळून वर्षाला पन्नास-साठ सांगाडे. तेलाच्या पाइपलाइनवर वेल्डर म्हणून गेलो तर याहून जास्त मिळतील, म्हणाला. मग त्याने मला विचारले, तुम्ही काय पिकवता? कांदा. भाव कोण ठरवतो? मी सांगितले, बाजार समितीत ट्रॅक्टर नेतो, व्यापारी बोली लावतात. तो मुलाकडे वळून पुन्हा म्हणाला, नाही, यांचा भाव यांनी किती ठरवला आहे? त्याला वाटले भाषांतर चुकले.

परतताना गाडीत मी गप्प होतो. आणि मघाची ती आठवण वर आली.

नोव्हेंबर १९८०. तुमच्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांना सांगायला नको. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ऊस-कांद्याच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते अडवले होते. उत्पादन खर्चावर आधारित भाव, ही मागणी. मी चोवीस वर्षांचा. आम्ही बैलगाड्या जुंपून मुंबई-आग्रा रस्त्यावर नेल्या. घसा बसेपर्यंत ओरडलो, की आमच्या घामाचा हिशेब धरा, नुसत्या मालाचा नको.

ज्या गाडीत बसून मी तिथे गेलो तिची चाके नवी होती. त्याच दिवाळीच्या आधी आमच्या गावच्या सुतार नानांनी करून दिलेली. बाभळीचे मुरलेले लाकूड, तुंबा कोरलेला, एकेक आरा तुंब्यात असा बसवलेला की पाते घालायलाही फट नाही. मग लोहाराबरोबर गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करून चढवली होती आणि पाणी मारताच चाक कसे करकरून आवळले गेले, ते मी उभे राहून पाहिले होते. नानांनी जोडीचे साडेतीनशे सांगितले. मी म्हटले, लाकूड तर आमच्याच बांधावरचं, साडेतीनशे कसले? दोन दिवस घोळ घातला. दोनशे साठ हातावर ठेवले आणि वर ऐकवले, "नाना, लाकडाच्या मानानं हे पण जास्तच झाले." नाना काही बोलले नाहीत. पैसे मोजलेही नाहीत.

लाकूड माझे होते. विकत घेत होतो ते मी त्यांचे दिवस. पण हे कळायला मला चव्वेचाळीस वर्षे आणि विमानाचे तिकीट लागले.

घरी पोचल्यावर मुलाला म्हटले, "ऑर्डर राहू दे." त्याने विचारले, पटलं? मी म्हटले, किंमत पटली, गरज पटली नाही. ते मी तुम्हांलाही सांगतो. सायकल चालवायला चार लाख लागत नाहीत. चीनमध्ये तयार झालेले याच धातूचे सांगाडे निम्म्याहून कमी किमतीत मिळतात आणि त्यांतले काही चांगलेही असतील. मोठ्या नावाच्या कंपन्यांचे साच्यातून निघणारे कार्बनचे सांगाडेही याच भावाला जातात. त्यात हाताचे किती आणि जाहिरातीचे किती, हे देवाला ठाऊक. आपल्याकडे २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा कायदा उचलून धरल्यापासून शर्यतीच्या खोंडाला लोक काय मोजतात ते तुम्ही बघताच आहात. तिथे आपण तोंडात बोट घालतो, पण वेडा म्हणत नाही, कारण हौस आपल्या ओळखीची असते. माझ्या मुलाच्या हौशीची मला ओळख नव्हती, इतकेच. मणक्याचे जे बोललो त्याबद्दल मात्र मी त्याच्याकडे वेगळे बोललो. ते आमचे आमच्यात.

ऑगस्टमध्ये परत आलो आणि नानांकडे गेलो. ते आता पंच्याहत्तरीचे आहेत. दृष्टी शाबूत, गुडघे गेलेले. त्यांच्या मुलांनी धंदा धरला नाही. दोघेही नाशिकला कारखान्यात लागले. किकरे, वाकस, पटाशी सगळे एका पत्र्याच्या पेटीत आहे. मी जरा इकडचे तिकडचे बोलून विचारले, "नाना, ऐंशी साली आमच्या गाडीची चाकं केलीत, किती दिवस लागले होते?"

"सोळा," ते ताबडतोब म्हणाले. मग थोड्या वेळाने, "दोघांचे. मी आणि आमचे वडील."

मी नव्वद रुपयांची गोष्ट काढणार होतो. घरून तशी तयारी करून गेलो होतो, खिशात पाकीटही होते. पण ते म्हातारे हात बघून ते पाकीट बाहेर काढणे मला जमले नाही. अजून ते आमच्या कपाटात आहे. आता काय करावे ते मला कळत नाही, तुम्हांला सुचले तर कळवा.

डिसेंबरात मुलाचा सांगाडा तयार झाला आणि त्याने मोबाइलवर फोटो पाठवले. मी ते नानांना दाखवायला नेले. त्यांनी चष्मा वर केला, मोबाइल डोळ्यांजवळ धरला. मी त्यांना बोटांनी फोटो मोठा करून दाखवला. सायकलीकडे त्यांचे लक्षच नव्हते. जिथे दोन नळ्या मिळतात तिथे ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"सांधा बरा आहे," ते म्हणाले. "किती दिवस लागले त्याला?"